न आलेल्यांची नोंद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्यवस्थापनशास्त्र म्हटले की कारखाना आणि नफा-तोटा डोळ्यांपुढे येतो. परंतु या शास्त्राची खरी कसोटी लोकसेवेत लागते. मदुराईचे उदाहरण घ्या. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 साली अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेथे एका शस्त्रवैद्याला दोन टेबले. एकावर शस्त्रक्रिया चालू असता परिचारिका दुसऱ्यावरील रुग्णाची सिद्धता करतात. ऐपतदारांच्या शुल्कातून गरिबांचा खर्च भागतो. 1992 पासून संस्थेच्याच ऑरोलॅबमध्ये भिंगे तयार होऊ लागली आणि त्यांची किंमत पुष्कळ उतरली.

तथापि मला अधिक मोलाचे वाटते ते तेथील एक निरीक्षण. शस्त्रक्रिया विनामूल्य असूनही मोतीबिंदूचे अनेक रुग्ण येतच नसत. चौकशीअंती कळले की बसभाड्याला पैसे नाहीत, जेवणाची सोय नाही, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. मग रुग्णांना शिबिरातून नेण्या-आणण्याची आणि भोजनाची व्यवस्था झाली.

आम्ही सरकारी माणसे खिडकीपाशी आलेल्यांची नोंद चोख ठेवतो. खिडकीपर्यंत जे पोहोचलेच नाहीत, त्यांची नोंदवही सहसा कोठे नसते. लोकसेवेतील संशोधनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

आपल्या मंडळानेही या वर्षी सभासदांच्या यादीबरोबर, याच शहरात राहून येथवर न आलेल्या मराठी कुटुंबांची यादी करावी, आणि ती का आली नाहीत हे त्यांच्या घरी जाऊन विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.