संगणकाचा कारागीर



आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात पारावर जरा वेळ बसा. कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी 'कॉम्प्युटरला' आहे, असे कानावर येईलच. कुणी पुण्याला हिंजवडीत, कुणी बंगळूरला, कुणी इथेच नाशकात. बापाने द्राक्षाच्या, कांद्याच्या पैशांतून फी भरलेली असते. पण त्याला विचारा, "तुमचं पोरगं तिथं नेमकं करतं तरी काय हो?" तो हसतो आणि म्हणतो, "काय की! दिवसभर पडद्यापुढं बसतं. पगार बरा आहे म्हणायचा."

अलीकडे त्या हसण्यात काळजी मिसळली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे यंत्र लोकांपुढे आले, आणि त्यानंतर माणसाने साध्या भाषेत सांगितले की यंत्रच प्रोग्रॅम लिहून देऊ लागले. मग आपल्या पोराचे काय? शिकून तयार होईपर्यंत हा धंदाच उरला नाही तर? आणि उरला, तर त्यात वर चढायचे कसे? आज आपण याच प्रश्नांचा विचार करू. घरात असे मूल असलेल्या आईबापांसाठी हे बोलणे आहे, आणि वर्गात उद्याचे असे मूल बसलेले आहे त्या शिक्षकांसाठीही आहे.

आधी हे काम काय असते ते समजून घेऊ. संगणक अतिशय कामसू गडी आहे, पण त्याला स्वतःची अक्कल नाही. सांगाल तेवढेच तो करील, आणि चुकीचे सांगितले तर चुकीचेही तितक्याच वेगाने करील. त्याला पायरीपायरीने सांगायच्या कामाची जी यादी, तिला प्रोग्रॅम म्हणतात. ती यादी करणारा तो सॉफ्टवेअरचा कारागीर.

आता लासलगावच्या बाजार समितीत चला. ट्रॅक्टर-ट्रॉली उभी आहे, बोली झाली, १४५० रुपये क्विंटल भाव निघाला. काट्यावर माल भरला २२ क्विंटल ४० किलो. गुणाकार केला की ३२,४८० रुपये होतात. त्यातून जी काही कपात असेल ती वजा करायची आणि हिसाबपट्टी शेतकऱ्याच्या हातात द्यायची. हे काम संगणकाकडून करून घ्यायचे आहे. तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? गुणाकार आणि वजाबाकी! चौथीतले पोर करील.

खरे आहे. पण दोन मुले हे काम हाती घेतात असे समजा. पहिला लगेच लिहायला बसतो आणि तासाभरात गुणाकार-वजाबाकी करून मोकळा होतो. दुसरी मुलगी आधी बाजार समितीत जाऊन उभी राहते आणि विचारू लागते. शेतकऱ्याला भाव पटला नाही आणि त्याने माल परत नेला, तर पट्टीचे काय? ट्रॉली दोघा भावांच्या वाट्याची असली, तर पैसे कुणाच्या नावावर? घाईत कारकुनाने १४५० ऐवजी १४५०० टाकले, तर संगणकाने गप्प बसावे की टोकावे? ट्रॉलीच्या तळाशी हलका माल निघाला आणि भावाची तक्रार झाली तर? पट्टी छापता छापता वीज गेली, आणि परत आल्यावर तीच पट्टी दुसऱ्यांदा निघाली तर? २०२४ साली हमाली-तोलाईच्या कपातीवरून वाद होऊन आपल्या जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले होते, हे तुम्हाला आठवत असेल. उद्या कपातीचा नियमच बदलला, तर सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा की एका जागी आकडा बदलून भागवायचे?

श्रोतेहो, पहिल्याने प्रोग्रॅम लिहिला. दुसरीने धंदा समजून घेतला. दोघांचा पगार पहिल्या वर्षी सारखाच असेल. पण दहा वर्षांनी कोण कुठे असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा या क्षेत्रात वर चढण्याची पहिली पायरी आहे ती विचारण्याची. लिहिण्याचे काम आता यंत्र पुष्कळसे करते. पण वाट्याची ट्रॉली म्हणजे काय, हे त्या यंत्राला कुणीतरी सांगावे लागते. त्याने दिलेले उत्तर बरोबर आहे की नुसते बरोबर दिसते आहे, हेही कुणीतरी तपासावे लागते. आणि पट्टी चुकून शेतकऱ्याचे पैसे बुडाले, तर त्याच्यापुढे उभे राहून जबाब द्यायला माणूसच लागतो. म्हणून यंत्र आले म्हणजे कारागीर संपला, असे समजू नका. पण ते आले तरी काही बदलणार नाही, असेही समजू नका. नव्या मुलांना शिकाऊ म्हणून जी साधी कामे मिळत, त्यांतली बरीचशी आता यंत्राकडे जात आहेत. नुसत्या पाठांतरावर पास झालेल्याला पूर्वीसारखी जागा मिळणे कठीण आहे. हे कडू आहे, पण आईबापांच्या कानावर आजच घातलेले बरे.

दुसरी गोष्ट सतत शिकण्याची. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांना हे समजावून सांगायला नको. आपण डॉगरिजचा खुंट लावतो आणि त्यावर हव्या त्या वाणाचे कलम करतो. बाजाराची आवड बदलली तर वाण बदलते, पण पाण्याचा ताण सोसणारी खालची मुळी तीच राहते. संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे. 'सी' नावाची भाषा १९७२ च्या सुमाराला आली, 'पायथॉन' १९९१ साली, 'जावा' १९९५ साली. माणसाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशी चार-पाच वाणे तरी बदलतात. जो एकाच वाणाला चिकटून बसतो, तो बाजार फिरला की फसतो. आणि जो दरवर्षी नवे वाण आणतो पण खुंटच धरत नाही, त्याची बाग पहिल्याच उन्हाळ्यात वाळते.

मग या विद्येतला खुंट कोणता? गणिताची समज. एका मोठ्या कामाचे लहान लहान तुकडे पाडण्याची सवय. माहिती कशी साठवावी म्हणजे चटकन सापडते, याचे ज्ञान. आणि आपण काय केले हे दुसऱ्याला कळेल अशा स्वच्छ भाषेत लिहिण्याची हातोटी. या चार गोष्टी पन्नास वर्षांपूर्वी उपयोगी होत्या आणि आजही आहेत.

तिसरी गोष्ट मनाची आहे, आणि तीच सर्वांत अवघड. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. तिथे नोट तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि तपासणी होते म्हणून छापणाऱ्याचा अपमान होत नाही. चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीतही असाच रिवाज असतो. एकाने लिहिलेले दुसरा वाचतो, चुका दाखवतो, आणि मगच ते पुढे जाते. गावात पहिल्या नंबराने पास झालेल्या आपल्या मुलाला हे पहिल्यांदा फार लागते. घरात लाडका, शाळेत हुशार, आणि इथे रोज कुणीतरी येऊन चूक काढतो! काही मुले तिथेच खचतात. काही रागावतात आणि नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. पण जो आपल्या कामातला दोष आणि आपल्यातला दोष वेगळे ठेवायला शिकतो, दाखवलेली चूक वहीत टिपून ठेवतो आणि तीच पुन्हा करीत नाही, तो दोन वर्षांत पुष्कळ पुढे जातो. कुस्तीत पाठ लागल्यावाचून कुणी पैलवान होतो काय?

आता इंग्रजीची भीती. पुष्कळ आईबाप म्हणतात, "आमचा मराठी शाळेत शिकला, त्याचं तिथं काय चालणार?" त्यांना मी त्र्यंबकच्या रस्त्याकडे बोट दाखवीन. त्या रस्त्यावर महिरावणी गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातले सुनील खांडबहाले मराठीतून शिकले. अभियांत्रिकीच्या शिक्षणात सारेच इंग्रजी समोर आले आणि काही कळेना. त्यांनी शब्दकोश हाताशी धरला, शब्द टिपून ठेवू लागले. पुढे ते स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि शब्दकोश संगणकावर आणला. मग तो इंटरनेटवर गेला, मोबाइलवर गेला, मराठीबरोबर इतर भारतीय भाषांतही झाला. पाहा बरं, जी अडचण त्यांच्या वाटेत आडवी पडली होती, तिचाच त्यांनी इतरांसाठी पूल केला. इंग्रजी शिकावेच लागते, त्याला पर्याय नाही. पण ती हत्यार म्हणून शिकायची. ती येत नाही म्हणून मान खाली घालायची नाही.

त्याच रस्त्याने पुढे गेले की त्र्यंबकेश्वर येते. तिथे १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछपाई, रंगीत छपाई, जादूचे खेळ, अशा किती विद्या त्यांनी एकामागून एक हस्तगत केल्या! त्या विद्या वेगवेगळ्या दिसत होत्या, पण चाळिशी उलटल्यावर १९१२ साली ते लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र पाहून आले, तेव्हा त्या साऱ्या एका ठिकाणी कामाला आल्या. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी वाटाण्याचे रोप उगवताना टिपून दाखवले, आणि मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. यातून आपल्या मुलांनी दोन गोष्टी घ्याव्यात. शिकायला वयाची अट नाही, ही एक. आणि मोठे बोलण्याआधी लहानसे करून दाखवावे, ही दुसरी. आजही चांगल्या ठिकाणी मुलाखतीत विचारतात, "तुम्ही स्वतः काय बनवले आहे, ते दाखवा." तिथे वाटाण्याच्या रोपाएवढे काही दाखवता आले, तर ते बक्कळ प्रमाणपत्रांना भारी पडते.

शिक्षकमित्रांनो, आता तुमच्याशी थोडे बोलतो. यासाठी शाळेत पंचवीस संगणक हवेत असे नाही. आपल्या शालेय पोषण आहाराचेच उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. आज दोन्ही गटांत किती मुले हजर आहेत, किती तांदूळ लागला, शिल्लक किती, आणि ती किती दिवस पुरेल? मुलांना सांगा, या हिशोबाच्या पायऱ्या मराठीत फळ्यावर लिहा. मग विचारा, एखाद्या दिवशी एकही मूल आले नाही तर? शिल्लक लागणाऱ्या तांदळापेक्षा कमी भरली तर? जे मूल असा 'तर?' स्वतःहून विचारील, त्याच्या पाठीवर हात ठेवा. त्याने प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आहे; संगणक नंतर आला तरी चालेल. आणि जेव्हा येईल, तेव्हा पायथॉनसारखी भाषा फुकट मिळते, तिला पैसा लागत नाही. ज्यांचे कॉलेज परिस्थितीमुळे सुटले, त्यांच्यासाठी आपल्या नाशकातच १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, हेही त्यांना सांगा.

आणि आईबापहो, तुम्हाला चार शब्द. नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर त्याला दारातूनच परत पाठवा. खरी कंपनी कामाचे पैसे देते, घेत नाही. तीन महिन्यांत लाखाच्या पगाराची हमी देणाऱ्या वर्गासाठी जमिनीचा तुकडा विकू नका. मूल दर सहा महिन्यांनी थोड्या जास्त पगारासाठी नोकरी बदलू लागले, तर त्याला कलमाची गोष्ट आठवून द्या. सारखे उपटून लावलेले रोप मूळ धरीत नाही. पण जिथे वर्षभर नवे काही शिकायला मिळत नाही, किंवा माणसाला माणसासारखे वागवत नाहीत, तिथून ते निघाले तर अडवू नका. आणि मोठेपण एकाच प्रकारचे नसते, हेही लक्षात असू द्या. कुणी माणसे सांभाळून वर चढतो, कुणी हातातली कारागिरी वाढवून चढतो. तुमचा मुलगा साहेब झाला नाही, पण अडलेले काम सगळे त्याच्याकडे आणतात, तर त्याने प्रगती केली नाही असे म्हणू नका.

शेवटी एक लहानशी विनंती. रविवारी मुलाचा फोन येतो, तेव्हा आपण पगाराचे विचारतो, जेवणाचे विचारतो, लग्नाचेही विचारतो. या रविवारी आणखी एक विचारा: "बाळा, या आठवड्यात नवीन काय शिकलास? मला समजेल असं सांग बघू." त्याला सांगता आले नाही, तर कदाचित त्याला स्वतःलाच ते पुरते समजलेले नसेल, तो पुन्हा वाचील. आणि सांगता आले, तर पारावर कुणी विचारल्यावर तुम्हालाही नुसते हसून वेळ मारून न्यावी लागणार नाही.