दुकान नसलेल्या गावातली चोरी

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. संगणकावरच्या खेळांविषयी बोलण्याचा माझा तसा अधिकार नाही. पण घरात एक मुलगा वाढला आणि त्याच्यामुळे या विषयातला एक धडा मला गिरवावा लागला. तोच आज सांगतो.

गोष्ट २००८ सालची. आम्ही उदगीरला राहत होतो. मुलगा नववीत होता. पै-पै साठवून घरात संगणक घेतला होता. एके दिवशी त्याच्या दप्तरात पारदर्शक पाकिटातली एक सीडी सापडली. तिच्यावर स्केचपेनने खेळाचे नाव लिहिलेले. संगणक दुरुस्त करणाऱ्या एकाकडून पन्नास रुपयांना आणलेली. मी ती त्याच्यासमोर मोडली आणि म्हणालो, "चोरीचा माल या घरात नको." तो रडला नाही. आमच्या दखनीत एवढेच म्हणाला, "अब्बा, दुकान में मिल्या होता तो लेता था ना मैं." दुकानात मिळाला असता तर घेतला असता ना मी!

मला ते उत्तर उद्धट वाटले. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बाजारात गेलो. चार दुकाने पालथी घातली. प्रिंटरची शाई होती, माऊस होते, कीबोर्ड होते. सीलबंद खेळ मात्र एकाकडेही नव्हता. एक दुकानदार हसून म्हणाला, "भाई, हजाराचा डबा इथं कोण घेणार? मागवला तर माझ्याच गळ्यात पडंल." त्याचेही खरेच होते. गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही.

त्या वर्षी रमजान ईद गांधी जयंतीच्याच दिवशी आली होती. जमलेली ईदी मुलाने माझ्या मावसभावाच्या हाती दिली. तो पुण्याला असतो. तिथल्या एका मोठ्या दुकानातून त्याने डबा घेतला आणि गावाकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. डबा पोहोचला तेव्हा घरात दुसरी ईद झाली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. तबकडी घातली, खेळ संगणकात उतरला आणि पडद्यावर सूचना आली, 'इंटरनेट जोडा.' झाले असे होते, की २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ २' हा गाजलेला खेळ आला. डबा विकत घेतला तरी एकदा इंटरनेटवरून 'स्टीम' या त्यांच्या व्यवस्थेशी जोडल्याशिवाय तो चालत नसे. पुढे इतर कंपन्यांनीही हीच वाट धरली. हेतू चोरी रोखण्याचा. पण ज्या घरात इंटरनेटच नाही, तिथे काय करायचे, याचा विचार त्या डब्यात कुठे नव्हता.

मग आम्ही संगणकाचा सीपीयू चादरीत गुंडाळला. मुलगा तो मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसला आणि आमची वरात सायबर कॅफेत निघाली. तासाला वीस रुपये. नोंदणी अर्ध्यावर आली आणि भारनियमनाची वेळ झाली. वीज गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर, पुन्हा स्कूटर. परतताना मुलगा म्हणाला, "अब्बा, ती मोडलेली सीडी घातली की लगेच चालायची." या वेळी मला ते उत्तर उद्धट वाटले नाही.

त्याच हिवाळ्यात नांदेडकडचे एक तरुण शिक्षक घरी आले. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची संपूर्ण झेरॉक्स त्यांनी स्पायरल बाइंडिंग करून आणली होती. सही हवी होती. तीनशे प्रतींची ती आवृत्ती कधीच संपली होती, आणि प्रती होत्या तेव्हाही मराठवाड्यातल्या किती दुकानांत पोहोचल्या असतील कुणास ठाऊक. मी खूश होऊन सही केली, चहा पाजला. पाहुणे गेल्यावर मुलाने विचारले, "अब्बा, हे चोर नाहीत का?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर मला आजही पूर्ण देता आलेले नाही. लिहिणाऱ्याचे आणि खेळ घडवणाऱ्याचे कष्ट असतात. त्यांचा मोबदला बुडवणे चूकच. पण पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी खिडकीच उघडायची नाही, आणि त्याने मागच्या दाराने वाट काढली की त्याला चोर म्हणायचे, यातही न्याय नाही.

पुढे डब्यांचा जमाना सरला, खेळ इंटरनेटवरच विकले जाऊ लागले. वाटले, आता उदगीर काय आणि न्यूयॉर्क काय, सारखेच. पण किमती डॉलरमध्ये. २०१३ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या वर गेला, तेव्हा साठ डॉलरचा एक खेळ छत्तीसशे रुपयांच्या पुढे पडू लागला. बरे, तेवढे पैसे असले तरी माझे बँकेचे कार्ड परदेशी व्यवहाराला चालत नव्हते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्टीम'वर रुपयांतल्या किमती आल्या. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सोय हळूहळू सगळीकडे झाली.

म्हणजे प्रश्न सुटला का? आज मोठा खेळ शंभर जीबीच्या पुढे जातो. रोज दोन जीबी डेटा मिळणाऱ्या मुलाला दुसरे काहीही न पाहता तो उतरवायला पन्नास दिवस लागतील. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने आपल्या पुराणकथांच्या वातावरणातला 'राजी' हा सुंदर खेळ केला. २०२० मध्ये तो आधी आला निन्टेन्डोच्या 'स्विच' या यंत्रावर, ज्याची भारतात अधिकृत विक्रीच नव्हती. पुण्यातला खेळ पुण्यातल्या संगणकांवर यायला आणखी दोन महिने लागले. आणि २०२४ च्या मे महिन्यात 'हेलडायव्हर्स २' हा खेळ १७० हून अधिक देशांत विक्रीतून काढला गेला. खेळायला सोनी कंपनीचे खाते सक्तीचे होणार होते आणि त्या देशांत ते उघडण्याची सोयच नव्हती. सक्ती काही दिवसांत मागे घेतली गेली, पण खिडकी लगेच उघडली नाही. उदगीरसारखी गावे जगभर आहेत, एवढेच त्यातून कळले.

माझा मुलगा आता तिशीत आहे, पुण्यात नोकरी करतो. मागच्या ईदला आला तेव्हा त्याने आपल्या लॅपटॉपवर विकत घेतलेल्या खेळांची यादी दाखवली. त्यातले बरेच जुने होते, शाळेच्या दिवसांतले. मी म्हणालो, "हे तर तू कधीच खेळून झाला आहेस. आता खेळायला वेळ तरी मिळतो का?"

"नाही मिळत," तो म्हणाला. "पण तेव्हाचे पैसे द्यायचे राहिले होते."

यादीत मी मोडलेल्या सीडीवरचा खेळही होता. सोळा-सतरा वर्षे एक गिऱ्हाईक पैसे घेऊन थांबले होते. विकणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता, आणि खरे सांगायचे तर त्याच्या बापालाही नव्हता.