मुलांचे दात आणि शाळा



मुलाची दाढ दुखू लागली की घरात बोट दाखविले जाते ते आईच्या लाडाकडे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे ज्या रोगाने पन्नास कोटींहून अधिक बालकांचे दुधाचे दात पोखरले आहेत, तो एकेका घरच्या शिस्तीचा प्रश्न कसा मानावयाचा? देवीचा रोग आपल्या देशातून गेला तो लस घरोघर पोहोचल्यामुळे. आयांना उपदेश केल्यामुळे नव्हे.

‘दुधाचेच दात ते, पडणारच आहेत,’ हे वाक्य आम्ही शिक्षक नेहमी ऐकतो. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात व कायमच्या दातांसाठी जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे जी दाढ उगवते, ती जन्माची असते. कोणताही दात न पडता ती गुपचूप येते. म्हणून तीही दुधाचीच समजली जाते आणि तिच्या खाचांत कीड शिरते. तिसरी-चौथीच्या वर्गात गालाला हात लावून बसलेल्या ज्या मुलास आपण मंद म्हणतो, त्याचे दुखणे कधी कधी त्या दाढेत असते.

दिवाळीच्या करंज्या किंवा नाताळचे दोदोल यांवर माझा मुळीच राग नाही. कीड वाढविते ती दिवसभर थोडी थोडी चघळलेली गोळी.

अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहराने १९४५ साली नळाच्या पाण्यात दशलक्ष भागांस एक भाग या प्रमाणात फ्लोराइड मिसळावयास आरंभ केला, आणि पुढे जन्मलेल्या मुलांची दंतकीड निम्म्याहून अधिक घटली. ही युक्ती आपणांस डोळे मिटून उचलता येत नाही. हैद्राबादजवळच्या नलगोंडा जिल्ह्यात भूगर्भातील पाण्यातच फ्लोराइड इतके, की लोकांचे दात डागाळले, हाडे वाकली. तेथे ते घालावयाचे नसून काढावयाचे होते. तुरटी व चुना यांनी ते काढण्याची जी रीत नागपूरच्या संशोधन संस्थेने बसविली, ती नलगोंड्याच्याच नावाने ओळखली जाते.

मला अधिक अनुकरणीय वाटते ते स्कॉटलंड. तेथे पाण्यात फ्लोराइड मिसळीत नाहीत. ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी योजनेत बालवाडीतील मुले रोज शिक्षिकेच्या देखत फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासतात. ब्रश व पेस्ट फुकट मिळते. गरीब वस्त्यांतील मुलांच्या दातांस वर्षातून दोनदा फ्लोराइडचा लेपही देतात. पहिलीत येणाऱ्या शंभर मुलांत २००३ साली किडीवाचून सुटलेली ४५ होती. २०२० साली ती सत्तरांहून अधिक झाली. दात भरणे व काढणे यांवरचा जो खर्च वाचला, तो बालवाडीत दात घासविण्याच्या खर्चाहून मोठा ठरला.

आपल्या शाळांत दुपारच्या भोजनानंतर हात धुण्याची रांग लागतेच. त्या रांगेस दोन मिनिटे जोडावयाची. शिक्षकांवर जनगणनेचे व निवडणुकीचे काम आधीच आहे, ही तक्रार रास्त आहे, आणि मीही ती करीत आलो आहे. परंतु ती कामे मुलांपासून दूर नेतात, हे काम मुलांजवळचे आहे. पेस्ट वाटाण्याएवढी, म्हणजे सुमारे पाव ग्रॅम पुरते. शिक्षण हक्क कायद्यातील २०० दिवस धरले, तर एका मुलास वर्षाला ५० ग्रॅम पेस्ट आणि तीन महिन्यांस एक याप्रमाणे चार ब्रश. एवढा भार ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस जड नाही. मात्र जेथे पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याचा संशय आहे, तेथे आधी पाणी तपासून दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

ब्रश एकमेकांस लागता कामा नयेत. फळीला भोके पाडून ते उभे, उघडे ठेवावेत, म्हणजे वाळतात. आणि अक्षर न येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक भोकाखाली पोपट, आंबा, होडी असे चित्र काढावे. घासून झाल्यावर मुलांनी थुंकावे, पण खळखळून चूळ भरू नये. थोडी पेस्ट दातांवर राहिली, तरच तिचा गुण येतो.