गमबूट घेताना आपला पाय मोजा

मिरग तोंडावर आलाय. तरव्याची, चिखलणीची तयारी सगळीकडे चालू असेल. आज आपण बोलू या गमबुटांबद्दल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने बारा जोड गमबूट आणले. सगळे एकाच मापाचे, सात नंबर. दुकानात तेवढेच होते. पहिल्याच आठवड्यात चिखलात बूट रुतून राहायचा आणि पाय तेवढा वर यायचा. एकीची टाच सोलली, दुसरी बांधावर आपटली. महिन्याभरात बाराही जोड माळ्यावर गेले. आणि त्याच पावसात आमच्यातल्या एकीला गवत कापताना घोट्याला फुरसं चावलं. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली. तिचे बूट तेव्हा घरी होते. ती म्हणाली, "गो बायांनो, पायात बसले असते तर घातले नसते काय?" ते आम्हाला लागलं.

साप बहुतेक वेळा पायालाच चावतो. लेप्टोचे जंतू उंदराच्या, गुराच्या मुतातून पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. म्हणून बूट हवा, आणि तो आपल्या मापाचा हवा.

मग आम्ही काय केलं, ते सांगतो. पाय संध्याकाळी मोजायचा. दिवसभर उभं राहून तो थोडा फुगतो. कागदावर उभं राहायचं, टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत खूण करायची. दोन्ही पाय मोजायचे, कारण एक जरासा मोठा असतो. मोठा पाय धरायचा. त्या लांबीत बोटभर रुंदीची भर घालून तेवढी काडी तोडायची आणि दुकानात न्यायची. काडी बुटाच्या तळावर टाचेपासून पुढपर्यंत सरळ बसली, की लांबी जमली. ती वाकली तर बूट लहान, पुढे बरीच जागा उरली तर मोठा.

तरीही पायात घालून बघाच, तेही सुती मोजे घालून. बोटं आत हलली पाहिजेत. चालताना टाच फार उचलली जाता नये. उकिडवं बसून बघा. आपलं निम्मं काम तसंच असतं. वरचा काठ पोटरीला रुतता नये, दोन बोटं आत जावीत. फार सैल असला तर पाणी, खडे आत जातात. साखरेचा आजार असलेल्या बाईने तर हात घालून आतून बूट चाचपावा, कारण तिला टोचलेलं कळत नाही.

दुकानदार म्हणेल, "बायकांचे नंबर येत नाहीत." एकटीने मागितले तर तो आणणार नाही. आम्ही गटात सगळ्यांची मापं वहीत लिहिली आणि चार, पाच, सहा नंबरांची एकत्र मागणी दिली. आठ दिवसांत बूट आले. न बसलेला जोड बदलून देण्याचं आधीच ठरवून घेतलं.

खोल चिखलात लावणी करताना बूट रुततो, हे खरं आहे. तिथे जखमा झाकून उतरा आणि वर आल्यावर साबणाने पाय धुवा. पण गवत कापताना, बेणणीला, गोठ्यात, बांधावर बूट घालाच. घालण्याआधी उलटा करून आपटा, आत विंचू असू शकतो. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि काठी घ्याच.

ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि शेतात काम करतो हे सांगा. साप चावला तर बांधू नका, कापू नका, थेट दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला एक कागद, एक पेन्सिल न्या. आधी पाय मोजा, मग पैसे काढा.