स्वित्झर्लंडची सहल आणि तुमचं पासबुक



आज समोर बसलेल्यांत बरीचशी घरं गलाई कामातली आहेत. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून येऊन इथे चेन्नईत, सौकारपेटच्या मिंट स्ट्रीटच्या आसपास सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात बसलेली. काही नोकरदार आहेत, दोन-तीन तंजावरी मराठी कुटुंबंही दिसतात. आणि यांतल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी काउंटरवर मला विचारलंय, "मॅडम, स्वित्झर्लंडला जायला किती लागतात हो?"

विचारणं साहजिक आहे. 1995 मध्ये राज आणि सिमरन तिथे जाऊन आले, तेव्हापासून आपल्याकडे बर्फ म्हटलं की स्वित्झर्लंड. इंटरलाकेन गावात तर यश चोप्रांचा पुतळाही उभा केलाय. तेव्हा जायचंय म्हणणाऱ्याला मी "उगाच खर्च कशाला" असं सांगणार नाही. वर्षभर भट्टीसमोर बसणाऱ्या माणसाला थंड हवेची हौस असेल तर ती रास्तच आहे. पण बँकेत बसून मी जे पाहते त्यावरून सांगते, की ही सहल तीन वर्षं आधी पासबुकात सुरू व्हायला हवी. त्याची दोन कारणं आहेत. एक फ्रँक आणि दुसरं व्हिसा.

आधी फ्रँकबद्दल. स्वित्झर्लंड युरोपात असलं तरी तिथलं चलन युरो नाही, स्विस फ्रँक आहे. बचत आपण करतो रुपयात, खर्च होणार फ्रँकमध्ये. 2015 साली एक फ्रँक सुमारे 66 रुपयांना मिळत होता. 2025 संपताना तो 110 रुपयांच्या आसपास होता. हिशोब केला तर वर्षाला साधारण पाच टक्क्यांनी तो आपल्यासाठी महाग होत गेला. दरवर्षी सारखा नाही, कधी थांबून, कधी एकदम उडी मारून. 15 जानेवारी 2015 ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने युरोशी बांधलेली मर्यादा अचानक सोडली आणि फ्रँक एका दिवसात वर गेला. जगात कुठे गडबड झाली की लोक सोन्याकडे जसे धावतात तसे फ्रँककडेही धावतात. सोन्याच्या गल्लीत बसणाऱ्यांना हे मी काय समजावणार!

आता एक घर धरू. नवरा, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा, सात रात्री. तिथला राहण्या-खाण्याचा आणि फिरण्याचा खर्च काटकसरीने 4,000 फ्रँक धरला तर 110 च्या भावाने 4 लाख 40 हजार रुपये. हाच खर्च 2015 च्या भावाने 2 लाख 64 हजार झाला असता. चेन्नईहून झुरिकला थेट विमान नाही, दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टवरून जावं लागतं. तीन तिकिटांचे 2 लाख 10 हजार धरा. व्हिसा, विमा आणि किरकोळ मिळून 40-50 हजार. म्हणजे सात लाख. तुमचा आकडा वेगळा येईल, पण हिशोबाची रीत हीच.

हे सात लाख उभे करायचे दोन मार्ग लोक निवडतात. पहिला, पर्सनल लोन. 13 टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे 23,600 रुपये आणि एकूण फेड साडेआठ लाखांच्या घरात जाते. दुसरा मार्ग, तीच तीन वर्षं आधी आरडी भरायची. साडेसहा टक्के व्याज धरलं, नेमका दर शाखेत विचारून घ्या, तर महिना 17,600 रुपये भरून तीन वर्षांनी सात लाख हातात येतात. तुमच्या खिशातून गेलेले 6 लाख 33 हजार. फरक दोन लाखांच्या वर आहे, आणि त्यात परत आल्यावर तीन वर्षं हप्ता फेडण्याची कटकट धरलेलीच नाही. 17,600 जड वाटत असतील तर पाच वर्षं घ्या, महिना 9,900 च्या आत बसतं.

पण थांबा. इथेच हुशार माणूस विचारतो, की तीन वर्षांत फ्रँक वाढला तर? बरोबर आहे. पाच टक्के वाढ धरली तर वरचे 4 लाख 40 हजार तोवर 5 लाख 9 हजार होतील. म्हणून आरडी सात लाखांची न करता पावणेआठ लाखांची करा. आरडीच्या व्याजाकडे या बाबतीत कमाई म्हणून बघू नका. ते व्याज फ्रँकच्या बरोबरीने चालायला मदत करतं, एवढंच. ज्यांनी पैसे घरात कपाटात ठेवले त्यांच्यापासून मात्र फ्रँक दरवर्षी लांब जातो.

सोनं गहाण ठेवून सहलीला जाणारेही मी पाहिलेत. घरचं सोनं दुखण्याखुपण्याला आणि धंद्याच्या अडीनडीला राहू द्या. आणि सहलीची भिशी? इकडे तिला सीट्टू म्हणतात. नोंदणी झालेल्या चिट फंडाला 1982 चा कायदा आहे, कुठे दाद मागता येते. शेजारच्या कोणीतरी चालवलेल्या 'फॉरेन टूर' भिशीत चालवणारा गायब झाला तर कोणाचं दार वाजवणार? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, भिशीला नाही.

आता दुसरं कारण, व्हिसा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या धंद्यातली माणसं इथेच अडकतात.

व्हिसा देणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. तुमचं दुकान त्याने पाहिलेलं नाही, गावात तुमचं घर किती मोठं आहे हे त्याला ठाऊक नाही. त्याच्यापुढे असतात ते कागद : बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, दुकानाचा परवाना किंवा जीएसटी नोंदणी, परतीचं तिकीट. त्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात. खर्च झेपेल का आणि माणूस परत येईल का. खर्चासाठी स्वित्झर्लंडचा ढोबळ हिशोब माणशी दिवसाला 100 फ्रँक असा आहे. तिघांचे आठ दिवस म्हणजे 2,400 फ्रँक, 110 च्या भावाने 2 लाख 64 हजार रुपये. हे खात्यात दिसायला हवेत.

आणि आपलं खातं कसं असतं? महिनोन्महिने आठ-दहा हजार शिल्लक, सगळा व्यवहार रोखीत. मग व्हिसाच्या तारखेच्या दोन आठवडे आधी एक काका पिशवी घेऊन येतात : "ताई, एवढे चार लाख भरून घ्या, स्टेटमेंट जाड दिसू द्या." पैसे मी भरून घेते. पॅन विचारते, पावती देते. पण मनात म्हणते, काका, हे चार लाख त्या कागदावर डागासारखे दिसणार. इतके दिवस दहा हजार आणि अचानक चार लाख! कोणीही विचारेल की हे आले कुठून, आणि परत कोणाकडे जाणार.

त्या काकांना मी तेच सांगितलं, फक्त शब्द जरा मऊ वापरले. त्यांनी त्या वर्षीचं जाणं रद्द केलं. दुकानाची मजुरी रोज नाही तर आठवड्याला तरी खात्यात भरायला लागले, ओळखीच्या सराफांना यूपीआयने पैसे द्यायला सांगितलं, आरडी उघडली, वेळेवर विवरणपत्र भरलं. पुढच्या वर्षी त्यांचं स्टेटमेंट काढून देताना मलाच बरं वाटलं. त्यात माणूस काय कमावतो, काय खर्च करतो, काय बाजूला टाकतो हे सरळ वाचता येत होतं. काकांचा बोनस असा, की त्याच कागदांवर नंतर दुकानासाठी कर्जही मिळालं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि 15 दिवसांहून कमी उरले तर घेत नाहीत. निर्णय बहुधा 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसही लागू शकतात. फी मोठ्या माणसाला 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला 45, सहाच्या आत काही नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत येत नाही, म्हणून हॉटेल आणि तिकीट रद्द करता येणारंच घ्या. प्रवासविमा किमान 30 हजार युरोचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी एक गोष्ट विचारून घ्या. पॅकेजच्या किमतीवर जीएसटी तर असतोच, शिवाय टीसीएस कापला जातो. 2025-26 या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर दहा लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 20 टक्के असा दर होता. त्या दराने सात लाखांवर 35 हजार झाले. हे पैसे बुडत नाहीत. तुमच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात. न भरणाऱ्याचे मात्र तिथेच पडून राहतात. तिकीट एकीकडून, हॉटेल दुसरीकडून असं स्वतः जमवलंत तर ते पॅकेज धरलं जात नाही. पण नियम अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारा.

कधी जायचं? आपल्या धंद्याचं कॅलेंडर आणि तिथलं कॅलेंडर जुळत नाही, हे खरं दुखणं. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, इथे लग्नं नसतात, सोन्याचा बाजार थंड. पण तेव्हा मुलांची शाळा, आणि तिकडे ऐन गर्दीचा हंगाम. मार्गळीत, डिसेंबरात, शाळेला सुट्टी असते, तर तिकडे नाताळचे भाव. माझं मत विचाराल तर मेचा पहिला पंधरवडा बरा. शाळा बंद, जूनपेक्षा हॉटेलं स्वस्त. फक्त वसंतात काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात, तेवढं आधी बघून ठरवा.

तिथे पोचल्यावर पैसे वाचवायच्या जागा थोड्याच आहेत. स्विस ट्रॅव्हल पास घेतला तर रेल्वे, बस, बोट त्यातच, आणि आईवडिलांकडे पास असेल तर 16 वर्षांच्या आतलं मूल फुकट. पण तो पास सगळीकडे पूर्ण चालत नाही, हे कोणी सांगत नाही. रिगी डोंगराची गाडी पासवर फुकट आहे. युंगफ्राउयोख, 3,454 मीटरवरचं ते 1912 सालचं रेल्वे स्टेशन, तिथे वरच्या टप्प्याला पासवर फक्त सवलत मिळते, बाकीचे पैसे मोजावे लागतात आणि ते बरेच असतात. तिघांना बर्फ बघायचाच असेल तर एकच उंच जागा निवडा. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. जेवण हॉटेलात एक वेळ, दुसऱ्या वेळी मिग्रो किंवा कोप या दुकानांतून पाव, दही, फळं आणा. रविवारी ती बहुतेक बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची सोडून. दशम्या, चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू बरोबर असतीलच, ते मी सांगायला नको. साजूक तूप, पेढे मात्र नेऊ नका, युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे मनाई आहे.

पैसे न्यायचे ते फॉरेक्स कार्डावर. सगळे एकाच दिवशी भरू नका, जाण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत थोडे थोडे भरा, म्हणजे वाईट भावाचा दिवस आला तरी सगळी रक्कम त्यात सापडत नाही. नेहमीचं कार्ड वापरलंत तर बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा घेतात. आणि दुकानात मशीनने "रुपये की फ्रँक" असं विचारलं तर डोळे मिटून फ्रँक दाबा. रुपये दाबले की भाव दुकानदाराच्या बाजूचा लागतो. रोख एका प्रवासाला 3,000 डॉलरइतकंच नेता येतं, पण दोन-तीनशे फ्रँक पुरतात.

परत आल्यावर उरलेलं परकी चलन 180 दिवसांत बँकेला द्यायचं असतं, 2,000 डॉलरपर्यंतचं स्वतःकडे ठेवलेलं चालतं. नोटा आम्ही घेतो. नाणी सहसा कोणी घेत नाही, आणि तिथलं पाच फ्रँकचं एक नाणं म्हणजे 110 च्या भावाने आपले साडेपाचशे रुपये. तेव्हा झुरिक विमानतळावर बसून खिसे उलटे करा आणि नाण्यांची कॉफी प्या.