आजोबाचा डोंगर आणि वंशावळीबाहेरची माणसं

शहापूरहून डोळखांबच्या वाटेला लागलं म्हणजे समोर सह्याद्रीची काळी भिंत उभी राहते. डेहणे गावामागचा उंच डोंगर म्हणजे आजापर्वत. पण आमच्या भागात त्याला नुसतं ‘आजोबा’ म्हणतात. डोंगर कुणाचा आजोबा, असं विचारलंत तर गावची मंडळी सांगतील की पायथ्याच्या रानात वाल्मीकींचा आश्रम होता आणि वर कड्यातल्या कपारीत सीतेचा पाळणा. लव-कुश इथंच वाढले, ऋषींना आजोबा म्हणू लागले, आणि तेच नाव डोंगराला चिकटलं.

आता हा मान एकट्या डेहण्याचा नाही. कानपूरजवळचं बिठूर, यवतमाळ जिल्ह्यातलं रावेरी, केरळातलं पुल्पळ्ळी, सगळीकडे हीच कथा सांगतात. संस्कृत रामायण तर आश्रम तमसेच्या काठी ठेवतं. मला यात भांडण दिसत नाही. टाकलेल्या बाईला कुणीतरी आसरा दिला, ही गोष्ट प्रत्येक मुलखाला आपलीशी वाटली, एवढंच.

पण गंमत पुढंच आहे. आपल्या पुराणांना वंशावळीचं भारी वेड. पुराणाच्या पाच लक्षणांपैकी दोन, वंश आणि वंशानुचरित, ही त्याचीच. उत्तरकांडात चारी भावांच्या मुलांची नावं मिळतात: भरताचे तक्ष आणि पुष्कल, लक्ष्मणाचे अंगद आणि चंद्रकेतु, शत्रुघ्नाचे सुबाहु आणि शत्रुघाती. ही नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतील? कुशाला नागकन्या कुमुद्वतीपासून अतिथी झाला, आणि कालिदासानं ‘रघुवंशा’च्या एकोणिसाव्या सर्गात हा वंश अग्निवर्णापर्यंत आणून सोडला. अग्निवर्ण क्षयानं मेला. त्याची गरोदर राणी गादीवर बसली, आणि काव्य तिथंच संपतं. त्या राणीचं नाव मात्र कवीनं दिलेलं नाही!

या साऱ्या झाडात वाल्मीकींना एकही फांदी नाही, कारण रक्ताचं नातं नाही. लोककथा तर याच्याही पुढं जाते. सीता लवाला घेऊन पाण्यावर गेली. पाळणा रिकामा पाहून ऋषी घाबरले आणि त्यांनी कुश गवताचं दुसरं मूल घडवलं. म्हणजे आजोबा मानलेला आणि एक नातू गवताचा! तरीही सीतेनं दोघांना सारखंच वाढवलं.

ग्रीक लोकांकडेही असा एक आजोबा आहे. पेलिऑन डोंगरावरच्या गुहेत राहणारा, अर्धा माणूस, अर्धा घोडा असा कायरॉन. जेसन त्याच्याकडे वाढला, वैद्यकाचा देव एस्क्लेपियस त्याच्याकडे शिकला. अकिलिसची आई थेटिस समुद्रात निघून गेली, तेव्हा बाप पीलियसनं तान्हं मूल याच्याच हवाली केलं. एका परंपरेप्रमाणं पीलियसची आई एन्डेइस ही कायरॉनचीच मुलगी. म्हणजे अकिलिस त्याचा पणतू लागतो. पण एन्डेइसचं नाव कुणाच्या ओठावर नसल्यानं हे नातं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बाईचं नाव गळलं की मागचा अख्खा माणूस गळतो, तो असा.

तुमच्या घरची वंशावळ काढून पाहा. पणजोबा, खापरपणजोबा सापडतील. पणजीचं नाव सांगताना घरातली म्हातारी माणसंही अडखळतील. आणि ज्या मावशीनं, मामानं, शेजारच्या आजीनं पोरकं मूल वाढवलं, त्यांना तर त्या कागदावर जागाच नसते. महाराष्ट्र शासनानं २०२४ साली एक निर्णय केला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं. एक पायरी झाली. सांभाळणाऱ्यांची नोंद मात्र आपल्यालाच ठेवायला हवी.

तेव्हा आज जेवणं झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तुम्हांला लहानपणी कुणी सांभाळलं? आणि ते नाव वहीत लिहून ठेवा. डेहण्याच्या लोकांकडे वही नव्हती, म्हणून त्यांनी ते नातं डोंगराच्या नावात जपून ठेवलं.