मुदत संपल्यावर मालक कोण?



लॅपटॉपचे कवच तडकणे हा सभेत बोलण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका कोणाला येईल. सदाशिव पेठेत खाट भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचा सारा अभ्यास त्या यंत्रात असतो आणि त्याचे हप्ते गावाकडे बाप फेडत असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ती उरणार नाही.

तडा बहुधा बिजागरीपाशी जातो. बिजागरी धातूची, तिचे स्क्रू ज्या बारीक पितळी नटांत बसतात ते मात्र प्लॅस्टिकच्या कवचात रुतवलेले. कालांतराने बिजागरी घट्ट होते, उघडमिटीचा सगळा जोर प्लॅस्टिकवर येतो, एके दिवशी नट उपटतो आणि कवचाची कड फाकते. पडदा, कळफलक, मदरबोर्ड सारे शाबूत असते. तसेच वापरत राहिले तर पडद्याकडे जाणारी केबलही ताणून तुटते.

वॉरंटी चालू असतानादेखील असा तडा पुष्कळदा ‘बाह्य आघात’ म्हणून वगळला जातो. मुदत संपल्यावर तर बोलणेच खुंटते. सेवाकेंद्र एवढासा तुकडा देत नाही, अख्खा जोड बदलावयास सांगते. पेठेतला कारागीर इपॉक्सीचे दोन भाग कालवून नट पुन्हा बसवतो, किंवा कवचाला आरपार भोक पाडून बोल्ट घालतो, आणि बिजागरी किंचित सैल करतो. हे सैल करणे राहिले तर तडा परत येतो, ही गोष्ट त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवलेली नाही. बोल्टाचे डोके बाहेर दिसते खरे. अभ्यासाला त्याची अडचण नाही. नवे कवच हवे असेल तर मात्र त्याला भंगारात आलेले त्याच मॉडेलचे यंत्र शोधावे लागते.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हंड्याला डाग देण्यासाठी तो घडवणाऱ्याची परवानगी लागत नसे. आज वस्तू विकली जाते आणि सुटा भाग कारखानदाराच्या मुठीत राहतो; वस्तू केव्हा मरावी हे मग तोच ठरवतो. मोटारींच्या बाबतीत ही मक्तेदारी चव्हाट्यावर आली आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. (प्रकरण अर्थातच अपिलांत गेले.)

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, ग्राहक दिनी, एक संकेतस्थळ सुरू केले. कंपन्या तेथे माहिती देतात. परंतु सुटा भाग अमुक वर्षे, अमुक भावाने दिलाच पाहिजे असे बंधन त्यातून येत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही या हक्काचे स्वतंत्र कलम नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण दाखवणे सक्तीचे केले. सुट्या भागाची किंमतही त्यात मोजली जाते. १९७४ साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली, तेथून ही मागणी जोराने व्हावयास हवी होती.

तोवर हाती असलेला कायदा वापरता येतो. वॉरंटी संपली म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. दोष बनावटीचा होता एवढे मात्र सिद्ध करावे लागते. एकट्याचा तडा निष्काळजीपणाच्या नावावर खपवता येतो. एकाच मॉडेलच्या वीस यंत्रांना एकाच जागी गेलेला तडा तसा खपवणे कंपनीला जड जाईल. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. कार्यकर्त्यांनी अभ्यासिकांतून बिले, मॉडेलचे क्रमांक आणि तड्यांची छायाचित्रे गोळा करावीत. छायाचित्र यंत्र कारागिराकडे जाण्याआधी घेतलेले असावे. इपॉक्सी भरल्यावर नट कसा उपटला होता ते कोणालाही दाखवता येत नाही.